फोटो बोलला पाहिजे

शनिवार, ३ मे २०२५, सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. चांगला फोटोग्राफर रोज नोंदी ठेवतो, असं यूट्यूबवरचे सर म्हणतात. कॅमेरा काल आला. सेकंडहँड आहे, पण लग्नाचं शूटिंग करणाऱ्या माणसाच्या हातातला आहे. म्हणजे माझ्यापेक्षा अनुभवी. हे शेवटचं वाक्य खोडणे.

शाळेला सुट्टी लागली. नववीचे भूगोलाचे पेपर तपासून टाकले. आता महिनाभर दुसरं काही करणार नाही.

मंजुषानं विचारलं, हा माळ्यावर कधी जाणार? माळ्यावर आधीच हार्मोनियम, दुर्बीण आणि मधमाश्यांची पेटी आहे. बायकोला शांतपणे सांगितलं की ते छंद होते, ही साधना आहे. ती म्हणाली, मधमाश्यांच्या वेळी पण साधनाच म्हणाला होतात.  मधमाश्या का निघून गेल्या ते त्यांनाच ठाऊक.

नियम ठरवले. ऑटो मोडला हात लावायचा नाही. फोटोवर नंतर कॉम्प्युटरवर रंगरंगोटी नाही, कॅमेऱ्यातून येतं तेच सत्य. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकायचा नाही, तिथं फोटोचा जीव जातो. दर रविवारी मेमरी कार्ड फॉरमॅट करायचं, म्हणजे पुसून कोरं. शिस्त. अर्थात त्याआधी सगळे फोटो लॅपटॉपवर घ्यायचे. लॅपटॉपचा चार्जर सापडत नाही. उद्या बघणे.

रविवार, ४ मे

पहाटे साडेपाचला गोगाबाबा टेकडी. सूर्य उगवतानाचा प्रकाश फोटोला सर्वात चांगला. दोनशे दहा फोटो काढले. फिरायला आलेले लोक थांबून बघत होते. एकानं विचारलं, कुठल्या पेपरचे? नुसतं हसलो.

घरी येऊन पाहिलं. दोनशे दहाच्या दोनशे दहा पांढरेफटक. मंजुषाला सांगितलं, धुकं होतं. ती म्हणाली, मे महिन्यात?

शिस्तीप्रमाणे कार्ड फॉरमॅट केलं. बॅकअपची गरज नव्हती.

बुधवार, ७ मे, दुपारी

कॅमेरा सकाळपासून फक्त काळे-पांढरे फोटो काढतो आहे. कुठलं तरी बटण दाबलं गेलं असावं. मेनू उघडला. मेनूत शेकडो गोष्टी आहेत. सोबत आलेलं माहितीपुस्तक जपानीत. चित्रं बघून समजून घेणं चालू आहे.

गुरुवार, ८ मे

अजून काळा-पांढराच. मंजुषानं घातलेल्या लोणच्याच्या बरणीचा फोटो काढला. डांबर वाटतं. तिला दाखवला नाही.

रविवार, ११ मे

खोलवर विचार केला. रंग म्हणजे गोंधळ. रंगाची गरज नवशिक्याला. माणसाचा आत्मा काळ्या-पांढऱ्यातच दिसतो. यापुढे रंगीत फोटो काढणार नाही. हा निर्णय पूर्ण विचारांती घेतला आहे, कॅमेऱ्याचा त्यात काही संबंध नाही.

कार्ड फॉरमॅट. बॅकअप राहिला. ठेवण्यासारखं फक्त लोणचं होतं.

शुक्रवार, १६ मे, रात्री ९

फुलंब्रीहून शिवराजचा फोन. शिवराज म्हणजे मंजुषाचा भाऊ, तिकडची शेती तोच बघतो. नानासाहेबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, १ जूनला अमृतमहोत्सव. पंच्याहत्तर पूर्ण.

खरी जन्मतारीख कुणालाच माहीत नाही. सासूबाई द्वारकाबाई ऐकीव माहितीवर सांगतात की ते ज्वारीच्या सुगीत झाले. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिली. आपल्याकडे त्या पिढीतले निम्मे लोक १ जूनलाच जन्मले आहेत. शिक्षक म्हणून मला याचा अभिमान वाटावा की लाज, ते अजून ठरलेलं नाही.

शिवराज विचारत होता, इथला एक फोटोग्राफर सांगून ठेवू का? मी म्हणालो, घरात फोटोग्राफर असताना? पलीकडे बराच वेळ शांतता. रेंज गेली असावी.

ही रोजनिशी कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. लग्नाला बावीस वर्षं झाली, नानासाहेब मला अजून 'पाहुणे' म्हणतात. या पाहुणे, बसा पाहुणे, चहा घ्या पाहुणे. मान आहे, नाही असं नाही, पण तो ओसरीपर्यंतचा. आतल्या गोष्टी मला विचारत नाहीत. मधमाश्या गेल्या त्या वर्षी ते शिवराजला सांगत होते, 'पाहुणे सुरू लई करतात, तडीला काहीच नेत नाय.' मी शेजारच्या खोलीत होतो. झोपलोय असं त्यांना वाटलं.

या वेळी तडीला नेणार. एकच फोटो काढीन, पण असा की बघत राहतील.

सोमवार, १९ मे

मंजुषाचं म्हणणं, फोटो कसाही येऊ दे, सर्जेरावकाका आले पाहिजेत. सर्जेराव हे नानासाहेबांचे धाकटे भाऊ. करमाडला राहतात. विहिरीच्या पाण्यावरून भांडण झालं, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं बंद. बोलावणं कोणी धाडायचं यावर फुलंब्रीत तीन दिवस खल चालू आहे. नानासाहेब म्हणाले म्हणे, 'त्याला पाय हायेत.' तिकडून सर्जेराव म्हणाले म्हणे, 'त्याला तोंड हाय.'

मी या वादात पडत नाही. मला प्रकाशाचा अभ्यास करायचा आहे.

चार्जर अजून सापडला नाही.

मंगळवार, २७ मे, फुलंब्री

आज पोर्ट्रेट.

नानासाहेब सकाळपासून तयार होऊन बसले होते. गुलाबी फेटा, नवा सदरा, आणि ट्रॅक्टरसमोर प्लास्टिकची खुर्ची. खुर्ची उचलली. फेटा उतरवला. गोठ्याच्या दारात बसवलं, कारण तिथं एका बाजूनं उजेड येतो आणि अर्धा चेहरा अंधारात जातो. त्यांनी विचारलं, 'अर्धाच काढता का?' त्यांना समजावलं की उरलेला अर्धा बघणाऱ्यानं मनात पूर्ण करायचा असतो. ते म्हशीकडे बघत बसले.

मग हसायला लागले. मी म्हणालो, मामा, हसू नका, मातीतल्या माणसाचं दुःख चेहऱ्यावर येऊ द्या. ते म्हणाले, 'कसलं दुःख? औंदा आद्रक चांगली गेली.' म्हणालो, तरी आणा. बराच वेळ प्रयत्न केला त्यांनी, पण आद्रक चांगली गेल्याचं काही केल्या लपेना.

शेवटी त्यांची नजर वर गेली. गोठ्याच्या पत्र्याला भोक पडलंय का ते बघत होते. कपाळावर आठ्या, डोळे ताणलेले, ओठ थोडे उघडे. तो क्षण टिपला. सेटिंग: एफ १.८, शटर एक साठांश, आयएसओ ८००.

स्क्रीनवर पाहिलं आणि अंगावर काटा आला. अनंताकडे लागलेली नजर. सुरकुती न् सुरकुती. हे मी काढलं? मीच काढलं.

शनिवार, ३१ मे

बॅनर करायला शहागंजला राजकुमारच्या फ्लेक्सच्या दुकानात. ही गर्दी! उद्या १ जून, म्हणजे सगळ्या जिल्ह्याचा वाढदिवस. काउंटरवर भाऊ, दादा, अण्णा, आबा, सगळ्यांचे रंगीत फोटो, गॉगल घातलेले, मोबाइल कानाला लावलेले. त्या बाजारात माझा फोटो.

राजकुमारनं कार्ड लावून फोटो त्याच्या कॉम्प्युटरवर घेतला. मोठा केला आणि गप्पच झाला. पाच-सहा सेकंद. एवढ्या गोंगाटात. मग म्हणाला, 'लई भला मानूस दिसतोय, सर.' माझ्या खांद्यावर हात ठेवला. असा दाद देणारा माणूस शहागंजात मिळेल असं वाटलं नव्हतं.

मजकूर विचारला. मी चिठ्ठीवर लिहून दिलं: नानासाहेबांचं नाव, १ जून, समस्त परिवार. तो म्हणाला, 'बस? और कुछ नै?' मी म्हणालो, राजकुमार, मजकूर कमीत कमी पाहिजे. फोटो बोलला पाहिजे. त्यानं मान हलवली. म्हणाला, 'बराबर है सर. ऐसे टैम पे क्या लिखे आदमी.' फक्त खाली कोपऱ्यात 'छायाचित्र : बद्रीनाथ सर' एवढं टाकायला सांगितलं. त्यानं विचारलं, दोन्ही बाजूंना काही घालू का? म्हणालो, तुला योग्य वाटेल ते.

रांग मोडून माझं काम आधी घेतलं. चहा पाजला. निघताना म्हणाला, 'घरच्यांना सांभाळा.' कलेची कदर असलेली माणसं अशी हळवी असतात.

त्याची गाडी पहाटे फुलंब्री लाइनला जाणार आहे. फाट्यावर गाडीवालाच बॅनर बांधून देईल. उद्या सकाळी पाहायचं. झोप येणार नाही.

रविवार, १ जून, संध्याकाळी ७

सगळं क्रमानं लिहितो. 

सकाळी आठला मंजुषा आणि मी स्कूटरवर फुलंब्री फाट्यावर पोहोचलो. बॅनर लांबूनच दिसला. दहा बाय आठ. आधी शार्पनेस पाहिला. पापणीचे केससुद्धा मोजता येत होते. इतका मोठा करूनही फोटो फाटला नव्हता. मन भरून आलं. मग मंजुषा किंचाळली.

फोटोच्या वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. नावाआधी 'कै.'. दोन्ही बाजूंना पेटलेल्या समया. खाली 'शोकाकुल : समस्त परिवार'. आणि त्याखाली, छायाचित्र : बद्रीनाथ सर.

राजकुमारला तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, काल एका दिवसात इतके बॅनर निघाले की वाचायला वेळ कुणाला, रंगीत फोटो असला की वाढदिवस आणि काळा-पांढरा असला की श्रद्धांजली, हाच हिशेब. 'और सर, तुमचा फोटो बघून तर माझ्याच डोळ्यात पानी आलं.' ही तक्रार होती की स्तुती, ते कळेना.

घरी पोहोचेपर्यंत अंगणात साठ-सत्तर माणसं. बायका फाटकापासूनच गळा काढत येत होत्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही, आणि आमच्याकडे सहा वाजल्यापासून बुंदी पाडणं चालू. लोक डोळ्याला उपरणं लावून तो वास घेत होते. चूल बंद असणार म्हणून शेजारच्या नऊ घरांनी पिठलं-भाकरी आणून ठेवलेली. सासूबाई द्वारकाबाई हिरवं लुगडं, हातभर बांगड्या घालून दारात उभ्या. प्रत्येकीला सांगत होत्या, 'अगं बाई, हायेत ते, आत हायेत.' बायकांना वाटत होतं, त्यांना धक्का बसलाय. त्या जास्तच रडत होत्या.

नानासाहेबांना हे सगळ्यात आधी कळलं होतं. सकाळी सातला ते नेहमीप्रमाणे फाट्यावर पेपर आणायला गेले आणि स्वतःच्या श्रद्धांजलीखाली उभे राहून ती वाचू लागले. त्यांचे जुने सोबती पुंडलिक सायकलवरून येत होते. पुंडलिकांनी आधी बॅनर वाचला, मग खाली पाहिलं. सायकलसकट रस्त्याकडेच्या चारीत गेले. गुडघा फुटलाय.

शिवराज म्हणाला, आप्पा (दोघं भावंडं वडिलांना आप्पा म्हणतात) पहिल्यांदा लई भडकले. 'कुठं हायेत पाहुणे?' एवढंच विचारत होते. मग लोक यायला लागले तसे आतल्या खोलीत जाऊन बसले आणि दार थोडं उघडं ठेवलं. आपल्या मागं लोक काय बोलतात ते ऐकू म्हणाले. मी गेलो तेव्हा खाटेवर बसून ऐकत होते. मला बघितलं. बोटानं गप्प बसायची खूण केली. बाहेर कुणीतरी म्हणत होतं, नानासारखा बैलाची पारख असलेला माणूस पंचक्रोशीत झाला नाही. त्यांनी मान डोलावली.

साडेनऊला करमाडची जीप आली. सर्जेराव. अनवाणी. टोपी हातात. फाटकातच खाली बसले आणि मोठ्यानं म्हणाले, 'नाना, न सांगताच गेलास रं! मी येणार व्हतो रं, उद्या येतो, उद्या येतो म्हनत रायलो!'

 नानासाहेब खोलीतून बाहेर आले. उंबऱ्यावर थांबले. म्हणाले, 'कुठं नाय गेलो. ऊठ. चहा घे.'

सर्जेराव उठलेच नाहीत.  मग नानासाहेबच पायऱ्या उतरले, पंच्याहत्तर वर्षांचा माणूस, आणि धाकट्या भावाशेजारी मातीत बसले. नुसते त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

मी त्रेसष्ट फोटो काढले. एकही हललेला नाही. माझे डोळे भरून आले होते तरी नाही. यूट्यूबवरच्या सरांना असा क्षण मिळाला नसेल.

जेवायला दीडशेऐवजी चारशे माणसं. बुंदी आणि नऊ घरचं पिठलं. कार्डावर एकूण अकराशे चाळीस फोटो. आज फॉरमॅट नाही. शिस्तीला अपवाद.

सोमवार, २ जून

मंजुषा बोलत नाही. तिला म्हणालो, एक लक्षात घे, अकरा वर्षं जे कुणाला जमलं नाही ते एका फोटोनं केलं. माझं तत्त्वच होतं, फोटो बोलला पाहिजे. ती म्हणाली, बोलला, पण काय बोलला? तांत्रिक बाजू तिला समजावता येत नाही.

गुरुवार, ५ जून, सकाळी ९.१५

ही तारीख लाल पेननं लिहिली आहे.

नानासाहेबांचा फोन. मला. मंजुषाच्या फोनवर नाही, माझ्या. वाटलं, आता झाडणार. उभा राहून बोललो. ते म्हणाले, 'पाहुणे, त्यो फोटो जपून ठेवा. खऱ्या टायमाला त्योच लावायचा. आजवर लई फोटो निघाले, समद्यात मी फेट्यात हाय. ह्यात मी हाय तसा हाय.' मग म्हणाले, माझा आणि सर्जाचा मातीतला फोटो पण मोठा करून द्या, दोन्ही भिंतीवर लावू, पुढच्या रविवारी, १५ तारखेला, सर्जा घरच्यांना घेऊन जेवायला येतोय.

बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे काही मागितलं. फोन ठेवल्यावर बाल्कनीत जाऊन उगीच उभा राहिलो.

पाहुणेच म्हणाले. पण सुरात फरक होता.

आज बॅकअप घेणे. चार्जर माळ्यावर असावा. उद्या नक्की.

रविवार, ८ जून, सकाळी ७.००

लवकर उठलो. मन प्रसन्न. मागच्या आठवड्यात शिस्त मोडली होती, आज पुन्हा सुरुवात. चहाच्या आधीच कार्ड फॉरमॅट केलं. कोरं कार्ड, कोरं मन.

रविवार, ८ जून, सकाळी ७.२०

बॅकअप.

सोमवार, ९ जून

इंटरनेटवर वाचलं की पुसलेले फोटो परत मिळवता येतात. फक्त एक अट, पुसल्यानंतर त्या कार्डावर नवीन काही काढायचं नाही. काल मन शांत करण्यासाठी समोरच्या कडुलिंबावरच्या कावळ्याचे साडेबाराशे फोटो काढले. कावळा सुंदर आला आहे.

राजकुमारच्या कॉम्प्युटरवर पोर्ट्रेट असणारच. त्यानं कॉपी केलं होतं. घाबरण्याचं कारण नाही. उद्या जाणे.

मंगळवार, १० जून

ऊन फार. उद्या.

बुधवार, ११ जून

राजकुमार म्हणाला, 'सर, दर दहा तारखेला पुराना माल उडवतो मी. हार्ड डिस्क भरती है.' काल उडवला. तो लई ओशाळला होता. पुन्हा चहा पाजला, पुन्हा खांद्यावर हात ठेवला. या वेळी बरोबर प्रसंगी ठेवला.

बाहेर शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली बराच वेळ उभा होतो. कॅमेरा गळ्यात होता. एकही फोटो काढला नाही.

शुक्रवार, १३ जून

मंजुषाला कळलं. मी सांगितलं नाही, कावळे बघून तिच्या लक्षात आलं. ओरडली नाही. नुसती म्हणाली, 'काका आणि आप्पांचा पण?' मी मान हलवली. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू होता.

मी चुकलो. कॅमेरा नाही, चार्जर नाही. मी. हे एकदा लिहून ठेवतो, पुन्हा पुन्हा लिहायला लागू नये.

संध्याकाळी शिवराजला सहज विचारल्यासारखं विचारलं, बॅनरचं काय केलं? म्हणाला, फोनमध्ये फोटो आहे, पण मधोमध विजेचा खांब आलाय. आणि बॅनर गोठ्यात बांधलाय, पत्र्याच्या खालून, भोक होतं ना तिथं. छापलेली बाजू खाली. मस्त टिकतंय म्हणाला, पाण्याचा थेंब नाही.

म्हणजे आशा आहे! बॅनर म्हणजे दहा बाय आठचा प्रिंटच. गोठ्यात जाऊन त्याचा फोटो काढायचा. वरची श्रद्धांजली फ्रेममध्ये घ्यायची नाही, समया टाळायच्या. ट्रायपॉड, नीट कोन, नीट उजेड. कुणाला कळणारही नाही. भाऊ-भाऊंचा फोटो पुन्हा काढता येईल, मातीत बसा म्हणायचं.

नाही. ते नाही म्हणता येणार.

रविवार, १५ जून, रात्री

सर्जेराव घरच्यांना घेऊन आले. दोघे भाऊ शेजारी जेवायला बसले आणि मिठावरून भांडले. सगळ्यांना बरं वाटलं.

मी जेवणाआधीच गोठ्यात गेलो होतो. बॅनर डोक्यावर, छताला. अनंताकडे बघणारे नानासाहेब बरोबर त्या भोकाखाली, ज्याच्याकडे ते बघत होते. खाली लोंबणाऱ्या एका कोपऱ्यात म्हशीनं चाटून माझं नाव अर्धं केलेलं. ट्रायपॉडवर कॅमेरा इतका सरळ वर वळेना. शेवटी कडब्याचा भारा उशाला घेऊन उताणा पडलो. कोन उत्तम. फोकस करायला बटण दाबलं. कॅमेरा बंद. बॅटरी सिडकोत, घरी, कॅमेऱ्याच्या चार्जरला लावलेली.

तेवढ्यात नानासाहेब आत आले. मला असं शेणात पडलेलं पाहून विचारलं, 'काय झालं पाहुणे? चक्कर आली का?' पडल्या पडल्याच सगळं सांगितलं. कार्ड, रविवार, राजकुमार, कावळा. उठायचं सुचलंच नाही.  त्यांना म्हणालो, मामा, तुमचं बरोबर होतं, मी तडीला काही नेत नाही.

त्यांनी वर बॅनरकडे पाहिलं. स्वतःकडे. बराच वेळ. मग म्हणाले, 'तुम्ही काय सांगत व्हता त्या दिवशी, दुःख आना. आता आलंय बघा तुमच्या तोंडावर. एकदम बराबर.' आणि हसायला लागले. म्हशीच्या पाठीवर हात टेकून, पोट धरून हसले. ते हसू पाहून सर्जेराव आले, तेही हसायला लागले, काय झालं ते न विचारता. मंजुषा मागून आली आणि तिनं तिच्या फोननं फोटो काढला. एकच. ऑटोवर.

तिला म्हणालो, उभा धर, खाली उजेड कमी आहे. तिनं ऐकलं नाही.

रविवार, २२ जून

शाळा सोमवारीच सुरू झाली. आज फुलंब्रीला जाऊन आलो. फोटो भिंतीवर लागला आहे, ओसरीवर नाही, आतल्या खोलीत.

फोटोत दोघे भाऊ तोंड उघडून हसत आहेत. नानासाहेबांचा एक डोळा मिटलेला. वर छताला दुसरे नानासाहेब गंभीर. म्हशीचं अर्धं तोंड. आणि खाली एका बाजूला मी, कडब्यावर उताणा, डोळ्याला बंद पडलेला कॅमेरा. माझा निळा शर्ट चांगला दिसतो. फोटो रंगीत आहे.

रंगावरून आठवलं. परवा मंजुषानं माझ्या कॅमेऱ्यात बॅटरी घातली, बाजूचं एक चाक सहज फिरवलं आणि लोणच्याचा फोटो काढला. लाल आला. मी कॅमेरा माळ्यावर नेऊन ठेवला, हार्मोनियमच्या शेजारी. लॅपटॉपचा चार्जर तिथंच होता.

शिवराज सांगत होता, फ्रेम करणाऱ्यानं विचारलं होतं, हा खाली पडलेला माणूस कापून टाकू का, फोटो साफ दिसेल. नानासाहेब म्हणाले, 'कापायचा नाय. घरचा मानूस हाय. हाय तसाच आलाय.'